अंतराळ दुर्बिणीतली उष्णता काढणारे: मेकॅनिकलच्या मुलांसाठी चार गोष्टी

लोणेरे, देवरूख, रत्नागिरीला मेकॅनिकल करणारी मुलं विचारतात, "दादा, दुर्बिणींच्या कामात आपल्याला कोण घेणार? तिथे फिजिक्सवाले नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सवाले लागतात ना?" लागतात की. पण त्यांचं प्रत्येक सर्किट तापतं, आणि ती उष्णता बाहेर काढायला आपण लागतो. माझं पोट याच कामावर आहे.

आधी पंख्याची सवय सोडा. वर हवाच नाही. सर्किटची उष्णता धातूतून वाहत रेडिएटरच्या पत्र्यापर्यंत जाते आणि तिथून प्रारणाने (रेडिएशनने) अवकाशात. द्रव हेलियम उकळून टाकायचा मार्ग आहे, पण तो पुरवठा कधीतरी संपतोच. 2003 साली गेलेल्या स्पिट्झर दुर्बिणीचा 2009 मध्ये संपला. पुढे 2020 पर्यंत ती चालली, पण मोजक्याच तरंगलांबींवर.

आता आकडे बघा, सगळी गंमत त्यांच्यातच आहे. प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने बदलतं. 300 केल्विनला, म्हणजे आपल्या खोलीच्या तापमानाला, एक चौरस मीटर आदर्श काळा पत्रा साधारण 460 वॅट बाहेर टाकतो. तोच पत्रा 40 केल्विनला, म्हणजे उणे 233 अंश सेल्सिअसला, जेमतेम 0.15 वॅट.

जेम्स वेब ही नासाची अंतराळ दुर्बीण 25 डिसेंबर 2021 रोजी उडाली. तिच्या उपकरणांची इलेक्ट्रॉनिक्सची पेटी सनशील्डच्या, म्हणजे सूर्याची उष्णता अडवणाऱ्या पडद्याच्या, थंड बाजूलाच बसवावी लागली, कारण डिटेक्टरचे सिग्नल क्षीण असतात, फार लांबची तार त्यांना झेपत नाही. पेटीत खोलीइतकं तापमान, उष्णता 200 वॅटच्या आसपास, आणि शेजारची उपकरणं 40 केल्विनच्या घरात! ही उष्णता 40 केल्विनच्या पत्र्यावरून टाकायची म्हटली तर जवळजवळ 1400 चौरस मीटर पत्रा लागेल. पेटीच्याच तापमानाला टाकली तर अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास भागतं. म्हणून उष्णता गरम आहे तोवरच बाहेर काढायची. नासाच्या मंडळींनी पेटीच्या तोंडाशी सोन्याचा मुलामा दिलेल्या तिरक्या पट्ट्या बसवल्या. आरसा आणि सनशील्ड चुकवून उष्णता नेमक्या दिशेने जावी म्हणून.

पेटीतून निघणाऱ्या तारांकडे मात्र नवखे लक्ष देत नाहीत. हा हिशोब एकदा हाताने कराच. 0.2 मिलिमीटर जाडीची, एक मीटर लांब तांब्याची तार, दोन टोकांत 250 अंशांचा फरक. तिच्यातून साधारण 3 मिलिवॅट उष्णता थंड बाजूला झिरपते. 3 मिलिवॅट म्हणजे काय, असं वाटेल. अशा हजार तारा घ्या: 3 वॅट. 40 केल्विनला ते टाकायला वीस चौरस मीटर पत्रा! मग तांब्याऐवजी फॉस्फर ब्राँझ नाहीतर स्टेनलेस स्टीलच्या तारा येतात. त्या उष्णता कितीतरी कमी वाहतात, पण त्यांचा विद्युतरोध जास्त, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सवाले कुरकुरतात. आमच्या बैठकांचा बराच वेळ या भांडणात जातो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

नवखे चुकतात ती दुसरी जागा म्हणजे बोल्टचा जोड. टेबलावर चाचणी घेताना दोन पत्र्यांमधल्या बारीक फटींतली हवा उष्णता पलीकडे पोचवते, त्यामुळे सगळं ठीक दिसतं. तीच पेटी थर्मोव्हॅक चेंबरमध्ये, म्हणजे अवकाशासारखी स्थिती तयार करणाऱ्या चाचणीच्या टाकीत, ठेवून निर्वात केली की फटी रिकाम्या होतात आणि सर्किटचं तापमान चढायला लागतं. उपाय म्हणून मध्ये इंडियम या मऊ धातूची पातळ पत्री घालतात, बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळतात. तापमान स्थिर होईपर्यंत रात्र जागायची तयारी ठेवा.

सुट्टीत काय करू, असं विचाराल तर मिरकरवाड्याला एखाद्या बर्फाच्या कारखान्यात ओळख काढा आणि कंडेन्सरपाशी उभे राहा. पाण्यातून काढलेली उष्णता अधिक कंप्रेसरने खाल्लेली वीज, दोन्ही तिथूनच बाहेर पडतात. वेबचं 'मिरी' हे उपकरण 7 केल्विनच्या खाली ठेवणारा हेलियमचा क्रायोकूलर (अतिथंड करणारं यंत्र) याच हिशोबाने चालतो. फक्त त्याचा कंप्रेसर दूर, सनशील्डच्या गरम बाजूला ठेवलाय.

अभ्यासाचं म्हणाल तर हीट ट्रान्सफरमधलं रेडिएशनचं प्रकरण परीक्षेपुरतं उरकू नका. व्ह्यू फॅक्टर (एका पृष्ठभागाचं किती प्रारण दुसऱ्यावर पडतं) आणि एमिसिव्हिटी (आदर्श काळ्या पत्र्याच्या तुलनेत पृष्ठभाग किती प्रारण टाकतो) पक्के करा. महागडी सॉफ्टवेअर नंतर शिकता येतात. आधी पायथॉनमध्ये नाहीतर एक्सेलमध्ये पाच-सहा नोड्सचं (एकेका भागाला एकच तापमान धरणारं) मॉडेल स्वतः बांधा. गेट ही इंजिनिअरिंगची राष्ट्रीय परीक्षा द्या. इस्रोची सायंटिस्ट-इंजिनिअर भरती मेकॅनिकलसाठीही निघते, आणि उपग्रहांचं औष्णिक काम मुख्यतः बंगळूरच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात चालतं. मुंबईच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेवरही नजर ठेवा. 2015 साली गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची सॉफ्ट एक्स-रे दुर्बीण तिथेच घडली. तिचा सीसीडी, म्हणजे क्ष-किरण टिपणारी चिप, उणे 80 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. थर्मोइलेक्ट्रिक कूलर त्याची उष्णता उपसतो, आणि पुढे ती हीट पाइपने रेडिएटरवर जाते. मुलाखतीला जाण्याआधी ही पूर्ण साखळी कागदावर काढून, प्रत्येक जोडाला किती अंश खर्च होतात ते मांडायचा सराव करा. मी उमेदवारांना हेच विचारतो.