आई-बाबांचं तिकीट पॉइंटांवर: पहिलं कार्ड घेण्याआधी

एप्रिल २०२३ मध्ये माझे आई-बाबा सांगलीहून मुंबईला आणि तिथून फ्रँकफर्टमार्गे नेवार्कला आले. ऑगस्टमध्ये त्याच वाटेने परत गेले. तेव्हा हे तिकीट माणशी दीड हजार डॉलरच्या आसपास होतं. आम्ही भरले ते फक्त विमानतळांचे कर. बाकी सगळं क्रेडिट कार्डांच्या साइन-अप बोनसमधून, म्हणजे नवं कार्ड घेऊन ठरावीक खर्च केला की बँक देते त्या पॉइंटांमधून निघालं. तेव्हापासून इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये नवीन आलेलं कुणी ना कुणी मला विचारतं, "ताई, कोणतं कार्ड घेऊ?" मी उलट विचारते, "कुणाला, कुठून आणि कोणत्या महिन्यात आणायचंय?" याचं उत्तर तयार नसेल तर कार्डाचं नाव सांगून काहीच उपयोग नाही.

आधी बँक हे पॉइंट का देते ते सांगते, म्हणजे पुढचं पटेल. आपण कार्ड वापरलं की दुकानदाराच्या पैशांतून साधारण दोन टक्के कापले जातात आणि त्यातला मोठा वाटा बँकेकडे जातो. वर्षाची फी असते ती वेगळी. पण खरी कमाई व्याजाची. अमेरिकेत कार्डावरचं व्याज सहज वीस टक्क्यांच्या वर जातं. ३,००० डॉलर २४ टक्क्यांनी थकवले तर महिन्याला ६० डॉलर नुसतं व्याज. असं दहा-बारा महिने चाललं की अख्ख्या तिकिटातला मोठा तुकडा गेला. म्हणून माझी पहिली अट हीच: मागचे सहा महिने तुम्ही प्रत्येक स्टेटमेंट पूर्ण भरलं असेल तरच पुढे वाचा. बिल थकलेलं असेल तर आधी ते फेडा, पॉइंट कुठे पळून जात नाहीत. ऑटोपे लावताना "मिनिमम" नाही, "स्टेटमेंट बॅलन्स" निवडायचं. ती एक खूण चुकली की सगळा हिशोब उलटा होतो.

देशात नवीन असाल तर थोडं थांबावं लागतं. फिको स्कोअर, म्हणजे तुमची उधारीची पत दाखवणारा आकडा, तयार व्हायलाच निदान सहा महिने जुनं एखादं खातं लागतं. सोशल सिक्युरिटी नंबर आला की दोन-तीनशे डॉलर अनामत ठेवून सिक्युअर्ड कार्ड काढा, त्यावर फक्त ग्रोसरी आणि फोनचं बिल घाला आणि दर महिन्याला पूर्ण भरा. स्कोअरचा ३५ टक्के भाग वेळेवर भरण्याचा असतो आणि ३० टक्के किती उधारी वापरली त्याचा. नव्या अर्जांचा भाग दहा टक्केच. एका अर्जाने स्कोअर थोडा खाली येतो आणि काही महिन्यांत सावरतो. मात्र येत्या वर्षभरात घर घ्यायचं असेल तर एकही नवं कार्ड काढू नका. मॉर्गेजचा पाव टक्का वाचणं हे कुठल्याही बोनसपेक्षा मोठं आहे.

आता प्रवासापासून उलटं मोजू. मुंबईला कोणकोणती विमानं जातात ते आपल्याला पाठ असतं. लुफ्तान्सा, स्विस, टर्किश, एअर इंडिया आणि युनायटेड या सगळ्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहेत. म्हणजे युनायटेडचे माइल्स (विमान कंपनीचे पॉइंट) साठवले तरी लुफ्तान्साच्या विमानात जागा मिळू शकते. एअर फ्रान्स आणि केएलएमसाठी फ्लाइंग ब्लू ही त्यांची माइल्सची योजना. तिथे दोन ते अकरा वर्षांच्या मुलांना पॉइंटांच्या तिकिटातही २५ टक्के सूट असते. शाळकरी मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. एअर कॅनडाच्या एरोप्लॅन या योजनेवर दुसऱ्या कंपनीच्या विमानाचा इंधन अधिभार लागत नाही. युनायटेडवरही लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण काही ठिकाणी "फुकट" तिकिटावर तीन-चारशे डॉलरचा अधिभार बसतो आणि मग ते फुकट राहत नाही.

आम्ही युनायटेड धरलं. त्या वेळी मुंबई ते नेवार्क एका बाजूचं तिकीट माणशी ४४,००० माइल्सला दिसत होतं. दोघांचं जाणं-येणं म्हणजे चार तिकिटं, १,७६,००० माइल्स. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि मगच कार्डाकडे वळले. हे दर ठरलेले नसतात, मागणीप्रमाणे हलतात. म्हणून तुमचा आकडा तुम्ही स्वतः, तुमच्या तारखा टाकून, त्या दिवशी बघायचा.

२०२२ मध्ये चेस बँकेच्या सफायर प्रिफर्ड कार्डावर तीन महिन्यांत ४,००० डॉलर खर्च केले की ६०,००० पॉइंट मिळत होते. वर्षाची फी ९५ डॉलर. त्याचे पॉइंट युनायटेडला एकास एक जातात, एअर कॅनडाला जातात, फ्लाइंग ब्लूलाही जातात. पहिल्या कार्डाला मला असं कार्ड बरं वाटतं, कारण एका कंपनीकडे जागा नसली तर दुसरीकडे वळता येतं. आधी माझं कार्ड, ते पुरं झाल्यावर नवऱ्याचं. पती-पत्नी दोघांना बोनस वेगवेगळा मिळतो. मात्र एकमेकांच्या खात्यावर ऑथराइज्ड युजर होण्याआधी विचार करा. चेस सहसा मागच्या चोवीस महिन्यांत पाच किंवा जास्त नवी कार्डं दिसली की अर्ज नाकारते, आणि त्या मोजणीत हे जोडकार्डही येतं. म्हणूनच चेस आधी, बाकीच्या बँका नंतर. अमेरिकन एक्सप्रेस एका कार्डाचा बोनस एका माणसाला साधारणपणे आयुष्यात एकदाच देते, त्यामुळे त्यांची मोठी ऑफर येईपर्यंत थांबण्यात शहाणपण आहे. तिसरं आम्ही युनायटेडचंच कार्ड घेतलं, ३,००० डॉलर खर्चावर ५०,००० माइल्स. बोनसचे १,७०,००० आणि खर्चावरचे अकरा हजारांच्या वर, असे १,७६,००० पार झाले. या सगळ्याला जवळजवळ वर्ष लागलं. घाई केली नाही.

तीन महिन्यांत ४,००० ऐकून लोक दचकतात. माझ्या वहीतलं पान जसंच्या तसं देते. गाडीचा सहा महिन्यांचा इन्शुरन्स मासिक हप्त्याऐवजी एकदम भरला, ७८०. पटेल ब्रदर्स आणि कॉस्को मिळून ग्रोसरी महिना ६००, तीन महिन्यांचे १,८००. गाडीचा गॅस, म्हणजे पेट्रोल, ४५०. फोन आणि इंटरनेट ४८०. मुलीच्या दातांच्या ब्रेसेसचा पहिला हप्ता ७००. बेरीज ४,२१०. यात एकही वस्तू अशी नाही जी आम्ही एरवी घेतली नसती. जो खर्च होणारच आहे तो नव्या कार्डावर वळवायचा, एवढंच. अर्ज करण्याचा महिनाही त्यावरूनच ठरवला: इन्शुरन्सचं नूतनीकरण आणि ब्रेसेस दोन्ही त्याच तिमाहीत येत होते. कॉस्कोच्या दुकानात क्रेडिट कार्डांपैकी फक्त व्हिसा चालतं हेही आधी बघून ठेवलं. अमेरिकन एक्सप्रेस घेऊन तिथे गेलात तर महिन्याचा मोठा खर्च मोजणीबाहेर राहील.

काही गोष्टी या मोजणीत धरत नाहीत: वर्षाची फी, रोख उचल, दुसऱ्या कार्डाची बाकी वळवणं. परत केलेली वस्तू वजा होते. आकड्याच्या वर दोनशे डॉलर तरी ठेवावेत ते यासाठीच. घरभाडं कार्डाने भरलं तर बहुतेक ठिकाणी अडीच-तीन टक्के फी लागते. शंभर-दोनशे डॉलर कमी पडत असतील तरच तो मार्ग घ्यावा. फेडरल इन्कम टॅक्स भरायचा असेल तर कार्डाने पावणेदोन टक्क्यांच्या आसपास पडतो, तो बरा. खर्च करून मिळालेल्या बोनसवर टॅक्स लागत नाही, तो सवलत धरला जातो. पण मित्राला कार्ड सुचवून मिळालेले पॉइंट उत्पन्नात धरले जातात आणि त्याचा १०९९ फॉर्म, म्हणजे टॅक्ससाठी उत्पन्न कळवणारा कागद, येऊ शकतो.

मुदतीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण त्यात मी हरले आहे. २०१८ मध्ये, या सगळ्याच्या आधी, मी एक कार्ड घेतलं होतं. तीन महिन्यांत ३,००० खर्च, ५०,००० माइल्स. अर्ज ३ मार्चला मंजूर झाला. कार्ड टपालाने आलं १४ मार्चला. मी १४ जून धरून चालले. ३ जूनला माझा खर्च २,७६० होता आणि उरलेला मी ९ जूनला केला. बोनस आला नाही. बँकेला फोन केला तेव्हा बाईंनी शांतपणे सांगितलं की मुदत खातं उघडल्याच्या दिवसापासून धरतात. अटींमध्ये ते लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. २४० डॉलरसाठी एक अख्खं तिकीट गेलं. आई त्या वर्षी माझ्या बाळंतपणासाठी येणार होती आणि ते तिकीट शेवटी आम्ही रोखीने काढलं. आता मंजुरीचा ईमेल आला की मी त्याच क्षणी फोनमध्ये दोन आठवणी लावते: ऐंशीव्या दिवसाची आणि साठाव्या दिवसाची. साठाव्या दिवशी बँकेच्या अॅपमध्ये किती झालं ते बघायचं. अॅपमध्ये मोजपट्टी दिसत नसेल तर बँकेला मेसेज करून नेमका आकडा आणि नेमकी तारीख लेखी घ्यायची.

वर्षाच्या फीचंही इथेच सांगून टाकते. बोनस मिळाल्यावर लगेच कार्ड बंद करू नये, बँका त्यावरून नाराज होतात आणि दिलेला बोनस काढूनही घेऊ शकतात. बारा महिने पूर्ण झाले की विचारायचं, याचं फी नसलेलं रूप आहे का? सफायरचं चेस फ्रीडममध्ये बदलता येतं. खातं जुनं राहतं, फी जाते. फक्त तसं केलं की एकट्या फ्रीडमवरून पॉइंट विमान कंपनीला पाठवता येत नाहीत, म्हणून आधी ते वापरून टाकायचे.

आता जागा. पॉइंट जमले म्हणजे तिकीट मिळालं असं नव्हे. स्वस्त दराच्या जागा मोजक्याच असतात आणि साधारण अकरा महिने आधी उघडायला लागतात. दिवाळी, ख्रिसमस आणि जून-जुलै विसरा, किंवा अगदी आधीपासून बसा. एप्रिल, सप्टेंबर, फेब्रुवारी सोपे. युनायटेडच्या साइटवर महिन्याचं कॅलेंडर उघडून तारीख चार-पाच दिवस इकडेतिकडे करा. पूर्ण मार्ग दिसला नाही तर मुंबई–फ्रँकफर्ट आणि फ्रँकफर्ट–नेवार्क वेगवेगळे शोधा, म्हणजे कुठल्या टप्प्यावर अडतंय ते कळतं. मी रात्री मुली झोपल्यावर अकरा दिवस हेच करत होते. बाराव्या दिवशी १२ एप्रिलच्या विमानात दोन जागा सापडल्या.

आणि तरीही पॉइंट लगेच हलवायचे नाहीत. बँकेतून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत. आधी सापडलेली जागा निवडून प्रवाशांची नावं टाकायच्या पानापर्यंत जा. तिथपर्यंत टिकली तर जागा बहुधा खरी असते. मग पॉइंट पाठवा. चेसहून युनायटेडला ते काही मिनिटांत पोचतात, इतर काही जोड्यांमध्ये एक-दोन दिवस लागतात आणि तेवढ्यात जागा जाऊ शकते. खातं तुमचं आणि प्रवासी आई-बाबा, हे युनायटेडला आणि एरोप्लॅनला चालतं. काही कंपन्या ठरावीक नातेवाइकांनाच परवानगी देतात, तेवढं आधी वाचा.

नावं टाकताना बाबांना व्हिडिओ कॉल केला. सांगलीत सकाळचे साडेनऊ, इथे मध्यरात्र. बाबा पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरत होते आणि ट्यूबलाइटची तिरीप नेमकी नावावर येत होती. शेवटी आईने पासपोर्ट घेतला, खिडकीपाशी गेली आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं. तेव्हा कळलं की तिच्या पासपोर्टात बाबांचं नाव मधलं म्हणून आहे, पण त्यात एक एच जास्त आहे. मी ते आजवर एच न घालताच लिहीत आले होते. तिकिटावर तेच गेलं असतं तर मुंबईला चेक-इनच्या खिडकीवर उभं राहून निस्तरावं लागलं असतं. पाठ आहे म्हणून नाव टाकू नका, पासपोर्ट समोर ठेवून टाका.

तिकीट झालं की दोन कोड शोधा. युनायटेडवरून काढलेल्या तिकिटात लुफ्तान्साच्या विमानाचा वेगळा सहा अक्षरी कोड असतो. जागा निवडणं, शाकाहारी जेवण, व्हीलचेअर ही कामं तो कोड घेऊन लुफ्तान्साकडेच करावी लागतात. फ्रँकफर्टला एका दारातून दुसऱ्या दारापर्यंतचं अंतर मोठं आहे. आई पायाने धडधाकट असली तरी व्हीलचेअर सांगा, सोबत माणूस मिळतो आणि भाषेची धास्ती राहत नाही. मी फोनवर अक्षरं सांगत गेले. बाबांनी ती आधी कागदावर घेतली, मला परत वाचून दाखवली आणि मग कालनिर्णयचं पान उलटून १२ एप्रिलच्या चौकोनात लिहिली.