पोरं आठवीत गेली की आधी बँकेचं खातं बघा

आमची थोरली आता अकरावीत आहे, तिला नववीपासून एनएमएमएस शिष्यवृत्तीचे (आठवीत परीक्षा देऊन मिळणारी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती) वर्षाला १२ हजार मिळतात. आमचे हे कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, पगार भाडं आणि किराण्यातच जातो, त्यामुळं तिची वह्या-पुस्तकं आणि क्लासची निम्मी फी ह्याच पैशातनं निघते. ज्यांची पोरं यंदा आठवीत गेलीत त्यांच्यासाठी लिहायलेय, मला तेव्हा कोणी नीट सांगितलं नव्हतं.

ही परीक्षा सरकारी, झेडपी, महापालिका नाहीतर अनुदानित शाळेतल्या आठवीच्या पोरांनाच देता येते. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखाच्या आत पाहिजे. फॉर्म शाळेतनंच भरतात, पण उत्पन्नाचा दाखला आपणच काढायचा, आणि तो मे महिन्यातच काढा, जूनमध्ये सेतूत अ‍ॅडमिशनवाल्यांची ही गर्दी असते. पेपर दोन, बुद्धिमत्ता आणि शालेय विषय, ९०-९० प्रश्नांचे. पोरगी रोज रात्री जेवणं झाल्यावर हातात छोटा आरसा धरून घड्याळाची चित्रं बघत बसायची, आरशात किती वाजलेले दिसतील असले प्रश्न असतात, ते सरावानंच येतात.

नुसतं पास होऊन भागत नाही, मेरिटमध्ये यावं लागतं. पण मराठा-कुणबी पोरं पास होऊन मेरिटमध्ये नाही आली तर सारथीची, म्हणजे मराठा-कुणबी समाजासाठीच्या राज्य सरकारच्या संस्थेची, छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९६००. हे खूप जणांना माहीतच नसतं, निकाल बघून गप्प बसतात.

आमच्या ह्यांना आधी लाज वाटायची, असले फॉर्म कशाला म्हणून. मी म्हटलं, शाहू महाराजांनी दसरा चौकात पोरांच्या शिक्षणासाठी बोर्डिंगं उभी केली, तिथं राहून शिकलेल्यांनी कधी लाज बाळगली का. मग स्वतःच सुट्टी टाकून तलाठ्याकडं गेले.

आता खरी गोष्ट, पहिल्या वर्षी निवड होऊनसुद्धा बरेच दिवस पैसे आलेच नाहीत. बँकेत तीन हेलपाटे मारले, दरवेळी एकच उत्तर, आधार लिंक आहे. शेवटी शाळेतल्या मॅडमनी सांगितलं की खात्याला केवायसी म्हणून आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा व्हायला एनपीसीआयचं (बँकांचे ऑनलाईन व्यवहार चालवणारी संस्था) आधार सीडिंग, म्हणजे पैसे कुठल्या बँकेत जायचे त्याची आधारला नोंद, वेगळं, त्याचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. झालंय का नाही ते आधारच्या वेबसाईटवर ओटीपी टाकून घरबसल्या दिसतं. तिथं आम्हाला दुसऱ्याच बँकेचं नाव दिसलं, जिथलं जुनं खातं कधीच बंद पडलंय! नावाचं पण तसंच, शाळेचा दाखला, आधार आणि पासबुक तिन्हीकडं स्पेलिंग एकच पाहिजे.

आणि एकदा मिळाली म्हणून विसरू नका, दरवर्षी सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर रिन्यू करायची असते, दहावीला ६० टक्केही लागतात.

यंदा धाकटा आठवीत गेलाय. त्याचं सीडिंग मी एप्रिलमध्येच करून घेतलं, बँकेचा शिक्का मारलेली झेरॉक्स फायलीत पहिल्या पानावर लावून ठेवलीय.