कावळा शिवण्याआधीच बोला
मुलीशी पाळीबद्दल बोलायचं ते तिला नववं लागलं की, पाळी आल्यावर नाही. बहुतेक मुलींना ती 10 ते 15 या वयात येते, छातीची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी. म्हणजे अंदाज बांधता येतो. समोर बसवून ‘आज तुला काहीतरी सांगायचंय’ म्हटलं की पोर आक्रसते. त्यापेक्षा मटार सोलताना किंवा ती स्कूटरवर मागे बसलेली असताना विषय काढा. नजरेला नजर नसली की प्रश्न मोकळे येतात. एक पॅड उघडून चड्डीला चिकटवून दाखवा, चार ते सहा तासांनी बदलायचं हे सांगा आणि दप्तरात छोट्या पिशवीत दोन पॅड नि एक चड्डी ठेवून द्या. पहिली एक-दोन वर्षं तारखा पुढेमागे होतात, हेही आधीच कानावर घाला. ‘बाहेरची’, ‘कावळा शिवला’ असलं काही नको, सरळ ‘पाळी’ म्हणा. (आजी नाक मुरडेल. मुरडू दे.) घरात मुलगा असेल तर त्यालाही हे ऐकू द्या, शिवाय झोपेत वीर्य बाहेर पडणं हा आजार नाही, हे बाबांनी त्याला बारा वर्षांच्या आत सांगून टाकावं. एखाद्या प्रश्नाला अडलात तर ‘बघून उद्या सांगते’ म्हणा, आणि उद्या खरंच सांगा.