खांद्यात कॅल्शियम साठलंय? या चुका टाळा

एक्स-रेत खांद्यापाशी पांढरा डाग दिसला, की बऱ्याच घरांत आधी दूध बंद होतं. पाठोपाठ, हाडं ठिसूळ झाली म्हणून चालू असलेल्या कॅल्शियमच्या गोळ्याही. ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. हा साठा ताटातून आलेला नसतो. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेत, म्हणजे टेंडनमध्ये, तिथल्याच पेशी बदलून कॅल्शियमचे स्फटिक बनवतात. रक्तातलं कॅल्शियम बहुधा ठीकच असतं. पन्नाशीच्या बाईनं दूध सोडल्यानं खांदा सुधारत नाही, हाडांचे मात्र हाल होतात.

दुसरी चूक, वाढलेल्या दुखण्याला घाबरून लगेच ऑपरेशनची तारीख घेणं. साठा खडूसारखा घट्ट असतो तेव्हा फारसं दुखत नाही, कधी हात वर नेताना कळ येते इतकंच. शरीर तो विरघळवू लागलं की दुखणं पेटतं. रात्र बसून काढावी लागते, केस विंचरायला हात उचलत नाही. तोवर खडूचं टूथपेस्टसारखं झालेलं असतं आणि एक्स-रेत डागाच्या कडा धूसर दिसतात. हे दिवस फार वाईट, पण बरं होण्याच्या वाटेवरचेच. वेदनाशामक गोळ्या, बर्फाचा शेक, गरज पडली तर स्टेरॉइडचं इंजेक्शन यांवर पुष्कळ जण निभावून नेतात. (मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहा.) सोनोग्राफीत बघत सुईनं सलाइन सोडून साठा धुऊन काढता येतो, त्याला तेवढ्या जागेपुरती भूल पुरते. जुन्या, टणक साठ्यासाठी शॉकवेव्ह, म्हणजे यंत्रानं बाहेरून दिलेले ध्वनिलहरींचे झटके. सहा महिने नीट उपचार करूनही गुण नसेल, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विचार करायचा.

जोरात चोळून स्फटिक फुटत नाहीत, सूज वाढते. व्हिनेगर पिऊनही ते विरघळत नाहीत.

हात महिनाभर झोळीत ठेवू नका. दोन-तीन दिवस विश्रांती ठीक. पुढे खांदा आखडतो, आणि आखडलेला खांदा सोडवायला कितीतरी महिने जातात. चांगला हात टेबलावर टेकून पुढे वाका, दुखरा हात लंबकासारखा सैल झुलवा.

डाग दिसला म्हणून दुखण्याचं कारण तोच, असंही धरून चालू नका. काहीही दुखत नसलेल्यांच्या खांद्यातही असे डाग सापडतात. दुखणं मानेतून येतंय का किंवा फ्रोझन शोल्डर (खांदा आखडण्याचा आजार) आहे का, ते तपासून घ्या. डाव्या खांद्याबरोबर छातीत दाब आणि घाम असेल तर थेट इस्पितळ गाठा. ताप येऊन खांदा लाल, गरम झाला तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

डायलिसिसवर असलेल्यांचं प्रकरण वेगळं. त्यांच्यात कॅल्शियम साठण्यामागे बहुधा रक्तातलं वाढलेलं फॉस्फेट असतं, आणि साधी वेदनाशामक गोळीही मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नसते.