डॅशबोर्ड अंधारात? मीटर उतरवण्याआधी या चुका टाळा

रात्री गाडीत बसावे, पार्किंग लाइट लावावा आणि समोरचे मीटर काळेच राहावे, असा प्रसंग जुन्या गाडीच्या मालकावर केव्हातरी येतोच. अशा वेळी ‘मीटर गेले’ असे गृहीत धरून लोक गॅरेज गाठतात आणि तेथेही पुष्कळदा दोष शोधण्याआधीच डॅशबोर्डचे स्क्रू निघू लागतात. वास्तविक मीटर स्वतः बिघडलेले क्वचितच निघते. त्याच्यापर्यंत येणारी वीज वाटेत कोठेतरी अडलेली असते, आणि ती कोठे अडली याचा माग, मीटरबरोबर गाडीतले आणखी काय बंद पडले आहे, हे पाहिल्यावर लागतो.

म्हणूनच सगळा अंधार एकाच जातीचा मानणे ही पहिली चूक. इंजिन सुरू न करता चावी फक्त ‘ऑन’वर आणावी आणि ऑइल, बॅटरी व इंजिन यांचे इशारादिवे लागतात का ते पाहावे. ते लागत असतील, काटेही चालत असतील आणि केवळ आकड्यांमागचा उजेड नसेल, तर दोष पार्किंग लाइटच्या सर्किटमध्ये शोधायचा. काटे व इशारादिवे दोन्ही मेलेले असून हॉर्न आणि हेडलाइट मात्र नीट असतील, तर मीटरचा स्वतंत्र फ्यूज, मागचा कपलर (वायरी मीटरला जोडणारा प्लग) किंवा अर्थिंग (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला गेलेली जोडणी) तपासावे लागते. हॉर्नही घोगरा वाजत असेल तर मीटरचा विचार सोडून बॅटरीकडे जावे: पूर्ण चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि १२.२ च्या आसपास ती निम्म्यावर आलेली असते. टर्मिनलवर पांढरट-हिरवट पूड साचली असेल तर बॅटरी चांगली असूनही वीज पुढे जात नाही.

दुसरी चूक सांगताना थोडे हसू येते, पण ती मी स्वतः केली आहे. मीटरचा उजेड कमी-जास्त करणारे चाक किंवा बटण अनेक गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला असते आणि डॅशबोर्ड पुसताना फडक्याने ते नकळत तळाला जाते. दिवसा कोणाच्या लक्षात येत नाही. रात्री वाटते, काहीतरी जळाले.

यानंतर गाडीतून उतरून मागे जावे. बऱ्याच गाड्यांत मीटरचा उजेड, मागचे लाल दिवे आणि नंबर प्लेटचा दिवा एकाच पार्किंग सर्किटवर असतात. मागेही अंधार असेल तर मीटरला हात लावण्याचे कारणच उरत नाही. ही तपासणी टाळून ‘मीटर दिसत नाही, पण रस्ता दिसतो आहे’ म्हणत गाडी पुढे दामटणारे चालक महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकला जवळजवळ अदृश्य असतात. नंबर प्लेट रात्री १५ मीटरवरून वाचता यावी इतका उजेड तिच्यावर असणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार बंधनकारक आहे, ते वेगळेच.

सर्वांत महागात पडणारी चूक फ्यूजची. माझ्या हॅचबॅकमध्ये नवी म्युझिक सिस्टिम बसवल्यावर तीनच दिवसांत मीटर आणि मागचे दिवे एकदम गेले. फ्यूज बॉक्सच्या झाकणामागचा नकाशा पाहून लाल, म्हणजे १० अँपिअरचा फ्यूज काढला, तर आतली पट्टी मधोमध वितळलेली होती. नवा घातला, पार्किंग लाइटची कळ फिरवताच तोही उडाला. जवळच्या गॅरेजमधल्या वायरमनने पिवळा, २० अँपिअरचा फ्यूज पुढे केला आणि ‘हा नाही उडणार’ असे छातीठोकपणे सांगितले. त्याचे म्हणणे कदाचित खरेही ठरले असते, कारण फ्यूजऐवजी वायर तापून जळाली असती. मी लालच फ्यूज घ्यायचे ठरवले आणि आधी सिस्टिम बाहेर ओढली. पार्किंग लाइट लावल्यावर तिचा पडदा मंद करणाऱ्या नारिंगी वायरचे उघडे टोक आतल्या लोखंडी पट्टीला टेकलेले होते. त्या टोकाला टेप गुंडाळली, लाल फ्यूज घातला आणि मीटर उजळले. बाहेरून बसवलेली वस्तू आणि नवा दोष यांत थोड्याच दिवसांचे अंतर असेल, तर शोध त्या वस्तूपासून सुरू करावा.

फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून ‘ठीक आहे’ म्हणू नये. पट्टीला गेलेला बारीक तडा सहज दिसत नाही. बहुतेक फ्यूजच्या माथ्यावर धातूची दोन उघडी टोके असतात. सर्किट चालू ठेवून दोन्हींना आळीपाळीने टेस्ट लॅम्प, म्हणजे वीज आहे का ते दाखवणारा छोटा दिवा, लावावा. एकाच टोकावर दिवा लागला तर फ्यूज गेलेला आहे.

आता बल्बविषयी. जुन्या मीटरमध्ये छोटे काचेचे बल्ब असतात आणि ते सगळे एकाच रात्री जात नाहीत, त्यामुळे मीटरचा एखादाच भाग काळा असेल तरच बल्बवर संशय घ्यावा. त्यांच्या जागी एलईडी घातल्यावर काही लागत नसतील तर ते खराब समजून फेकू नयेत. त्यांना उलट-सुलट बाजू असते, म्हणून होल्डरमध्ये फिरवून पुन्हा लावून पाहावेत.

मीटर उतरवावेच लागले तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी आणि एअरबॅग असलेल्या गाडीत पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. कपलर वायरला धरून ओढू नये. त्याची खिट्टी दाबून तो काढावा. पावसाळ्यानंतर कपलरच्या पिना हिरवट झालेल्या किंवा उंदरांनी वायरी कुरतडलेल्या सापडणे आपल्याकडे अजिबात नवलाचे नाही. जुन्या बाजारातून दुसरे मीटर आणण्याची घाईही करू नये: त्यातले किलोमीटर दुसऱ्या गाडीचे असतात, आणि काही गाड्यांत इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) मीटरशी जोडलेला असल्याने ते बसवल्यावर इंजिनच सुरू होत नाही. त्याआधी तार पुन्हा जोडून, चावी ‘ऑन’ करून, कपलरमध्ये १२ व्होल्ट आणि अर्थ दोन्ही पोहोचतात का, हे मल्टिमीटरने मोजून घ्यावे.