मोल कशाचा? अकरावीच्या रसायनशास्त्रात मी जिथे अडकले

परळच्या मराठी शाळेतून दहावी उत्तीर्ण होऊन मी इंग्रजी माध्यमाच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला, तेव्हा अणूची रचना आणि मोल (अणू-रेणू मोजण्याचे एकक) ही दोन प्रकरणे आपल्याला चांगली येतात, अशी माझी ठाम समजूत होती. केंद्रकातले प्रोटॉन-न्यूट्रॉन, कवचांतले इलेक्ट्रॉन, अणुअंक आणि अणुवस्तुमानांक हे सारे मला पाठ होते आणि ते तुम्हालाही ठाऊक असणार. पहिल्या चाचणीत मात्र मोलच्या पाच उदाहरणांपैकी माझी चार चुकली. ती उत्तरपत्रिका हातात घेऊन लोकलमध्ये दाराशी उभी राहिल्याचे आजही आठवते आणि म्हणूनच हे लिहीत आहे.

अणुरचनेतली एकच गोष्ट इथे सांगते, कारण बाकीची पुस्तकात नीट दिलेली आहे. अणुवस्तुमानांक आणि अणुवस्तुमान यांना एक समजू नका. अणुवस्तुमानांक ही एका अणूतल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनची मोजणी असल्यामुळे तो नेहमी पूर्णांकच असतो. क्लोरीनचे अणुवस्तुमान ३५.५ असे दिलेले असते, ते मात्र सरासरी असते. निसर्गातल्या क्लोरीनमध्ये ३५ आणि ३७ वस्तुमानांकांची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू) साधारण तीनास एक या प्रमाणात मिसळलेली असतात आणि आपण तराजूत घेतो ते हे मिश्रण. वजनाच्या गणितात त्यामुळे सरासरीच वापरावी लागते. साडेपस्तीस वस्तुमानाचा क्लोरीनचा एकही अणू अस्तित्वात नाही, हे ध्यानात आले की हा गोंधळ संपतो.

आता माझ्या चुकीकडे येते. प्रश्न असा होता: ८ ग्रॅम ऑक्सिजन वायूत किती मोल आहेत? मी ८ ला १६ ने भागले आणि अर्धा मोल असे उत्तर लिहिले. गणित बरोबर होते, पण उत्तर चुकले. १६ ग्रॅम हा ऑक्सिजनच्या अणूंचा मोल आहे. वायू म्हणून ऑक्सिजन दोन अणूंच्या रेणूंच्या रूपात असतो आणि त्या रेणूंचा मोल ३२ ग्रॅमचा असतो. म्हणजे त्याच ८ ग्रॅममध्ये रेणूंचा पाव मोल असतो आणि अणूंचा अर्धा मोल असतो. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. कशाचा मोल हे न सांगता लिहिलेला आकडा मात्र अपुरा असतो, आणि परीक्षेत अपुऱ्या उत्तराला गुण मिळत नाहीत.

हे मला वर्गात कळले नाही. माझे काका नागदेवी स्ट्रीटवर नट-बोल्टच्या दुकानात कामाला होते. तिथे हजार बोल्ट कोणी हाताने मोजत नाही. आधी शंभर नग मोजून त्यांचे वजन करतात, मग पोते काट्यावर ठेवून भागाकार करतात. एका शनिवारी मी तिथे बसले असताना एका गिऱ्हाइकाने पाचशे नग मागितले आणि काकांनी काट्याला हात लावण्याआधी विचारले, “नटासकट की नुसते बोल्ट?” गिऱ्हाइकाने ‘नटासकट’ म्हटल्यावर त्यांनी शंभर नगांचे वजन नव्याने केले. संख्या पाचशेच राहिली, पण नग बदलला आणि त्यामुळे वजन बदलले. मोल म्हणजे हेच. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात ही ठरलेली संख्या आहे, जशी डझन ही १२ ची. नग कोणता, अणू की रेणू की आयन, हे आपण सांगायचे असते आणि एका मोलचे वजन त्या नगावरून ठरते.

माझ्या या समजुतीला आंतरराष्ट्रीय व्याख्येचाच आधार आहे. १९७१ साली मोल हे मूलभूत एकक म्हणून स्वीकारले गेले, तेव्हाच्या व्याख्येतच अट होती की मोल वापरताना घटक कोणते ते नमूद केले पाहिजे. तेव्हा १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके घटक म्हणजे एक मोल, असे मानत. २० मे २०१९ पासून ही संख्याच ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात अशी निश्चित केली गेली. तुमच्या उदाहरणांच्या उत्तरांत त्यामुळे काहीही फरक पडत नाही. घटक सांगण्याची गरज मात्र तशीच आहे.

इथे अडकलात म्हणून स्वतःला कमी लेखू नका. अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनने पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एकच अणू धरला होता. इटालियन शास्त्रज्ञ अ‍ॅव्होगॅड्रोने १८११ साली अणू आणि रेणू यांतला भेद मांडला, तरी जवळजवळ पन्नास वर्षे बहुतेक रसायनशास्त्रज्ञांनी तो मनावर घेतला नाही. ऑक्सिजनचे अणुवस्तुमान कोणी ८ धरी, कोणी १६. १८६० साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या परिषदेत कॅनिझारो या रसायनशास्त्रज्ञाने तो विचार पुन्हा आग्रहाने मांडला, तेव्हा कुठे घडी बसू लागली. जी गोष्ट त्या लोकांना अर्धशतक छळत राहिली, ती तुम्हाला एका सत्रात छळली तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आता स्पष्ट बोलते. क्लासमध्ये मोलचा त्रिकोण शिकवतात: वर वस्तुमान, खाली मोल आणि रेणुवस्तुमान, हवे ते अक्षर बोटाने झाका. हा त्रिकोण पहिले सहा महिने वापरू नका. तो भागाकार करून देतो, पण नग कोणता हे विचारत नाही आणि चूक नेमकी तिथेच होते. एका मोल वायूचे आकारमान म्हणून पाठ करतात त्या २२.४ लिटरचेही तसेच आहे. तो आकडा फक्त वायूंसाठी आहे आणि तोही शून्य अंश सेल्सिअस तापमान व एक वातावरण दाब असतानाच. पाण्याचा एक मोल १८ ग्रॅम, म्हणजे जेमतेम १८ मिलिलिटर भरतो. एकदा तो मोजपात्रात घेऊन पाहाच. शिक्षक निवडण्याची संधी मिळाली, तर जे प्रत्येक ओळीत ‘एकक लिही, घटक लिही’ म्हणून थांबवतात त्यांच्याकडे जा. असे शिक्षक संथ वाटतात, पण माझी मोलची गणिते सुधारली ती अशाच एका बाईंमुळे.

एवढे कळल्यावरही मी पुन्हा चुकले, हे सांगितलेच पाहिजे. प्रात्यक्षिकात ऑक्झॅलिक आम्लाचे ०.१ मोलर (म्हणजे लिटरला ०.१ मोल) द्रावण २५० मिलिलिटर करायचे होते. सूत्रावरून मी रेणुवस्तुमान ९० काढले आणि २.२५ ग्रॅम स्फटिक तोलले. पिपेटने १० मिलिलिटर द्रावण शंकुपात्रात घेऊन फिनॉल्फ्थेलिन (आम्ल संपले की गुलाबी होणारा दर्शक) टाकले आणि ब्युरेटमधून ०.२ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडू लागले. ७.१ मिलिलिटरलाच फिकट गुलाबी रंग आला आणि ढवळूनही टिकला. दुसऱ्यांदा ७.२, तिसऱ्यांदा पुन्हा ७.१. शेजारच्या मुलीची तिन्ही वाचने १०.० च्या आसपास होती. ब्युरेट धुतली, पिपेट बदलली, काही फरक पडला नाही. शेवटी बाईंनी आम्लाची बाटली माझ्यासमोर ठेवून लेबल वाचायला सांगितले. त्यावर १२६ होते. स्फटिकातल्या प्रत्येक ऑक्झॅलिक आम्लाच्या रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणजे ३६ जास्त. नग नटासकट होता आणि मी नुसत्या बोल्टचे वजन धरले होते. ३.१५ ग्रॅम तोलायला हवे होते. ९० ला १२६ ने भागले की ०.७१४ येते आणि माझी सगळी वाचने त्याच प्रमाणात कमी आली होती. तेव्हापासून तोलण्याआधी बाटलीवरचे रेणुवस्तुमान जर्नलमध्ये उतरवून घ्यायची सवय मी लावून घेतली. ती तुम्हीही लावून घ्या.

आज मी औषधांच्या गुणवत्ता तपासणीत काम करते. घरात अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूलची पट्टी असेल तर मागची बारीक अक्षरे वाचून पाहा. ‘अमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेट, ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिनइतके’ अशा अर्थाचा मजकूर तिथे सापडेल. ट्रायहायड्रेटमध्ये औषधाच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे तीन रेणू असतात. औषधाचे रेणुवस्तुमान ३६५.४, पाण्यासकट ४१९.४. म्हणून शुद्ध ट्रायहायड्रेट घेतले, तर एका कॅप्सूलसाठी ५०० नव्हे, सुमारे ५७४ मिलिग्रॅम तोलावे लागते.