तुवे की तेनीआ? तोंडी परीक्षेच्या आधी काय काय करून ठेवायचं

स्पॅनिशची डेले ए२ ही परीक्षा द्यायची असेल किंवा क्लासमध्ये पुढच्या आठवड्यात भूतकाळावर टेस्ट असेल तर माझं ऐका, सगळी क्रियापदं एकदम हातात घेऊ नका, आधी एकच घ्या, तेनेर. म्हणजे जवळ असणं. भूक, ताप, वय, नशीब, मुलंबाळं, सगळं ह्याच एका क्रियापदावर चालतं, त्यामुळे तोंडी परीक्षेत ते टाळताच येत नाही.

वहीची समोरासमोरची दोन पानं काढा, तेनेरच्या दोन भूतकाळांसाठी, रूपं मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते ह्या क्रमाने. डावीकडे इन्देफिनिदो, म्हणजे झालं आणि संपलं: तुवे, तुविस्ते, तुवो, तुविमोस, तुविस्तेइस, तुविएरोन. उजवीकडे इम्पेर्फेक्तो, म्हणजे तेव्हा चालू होतं: तेनीआ, तेनीआस, तेनीआ, तेनीआमोस, तेनीआइस, तेनीआन. उजवीकडच्या प्रत्येक रूपात ई वर तिरकी रेघ हवी, डावीकडे एकाही रूपावर नको. हे मुद्दाम सांगतेय, कारण आब्लार शिकताना 'तो बोलला' म्हणजे आब्लो, त्यात शेवटच्या ओ वर जोर आणि रेघ दोन्ही येतात, आणि मग सवयीने हात तुवो वर पण रेघ ओढतो. तुविस्ते ला शेवटी स लावू नका, रस्त्यावर तसं बोलणारे भेटतील पण पेपरात ती चूकच. आणि डिक्टेशन असेल तर एक घोळ आधीच माहीत असू द्या, 'त्याच्याकडे होतं' वालं तुवो आणि नळी ह्या अर्थाचं तुबो कानाला अगदी एकच ऐकू येतात कारण स्पॅनिशमध्ये ब आणि व चा उच्चार वेगळा नाही, स्पेलिंग वाक्याच्या अर्थावरूनच ठरवायचं.

पाठांतर एवढंच. खरी तयारी ह्याच्या पुढे आहे आणि ती मराठीतून करा, इंग्रजी मध्ये आणू नका. क्लासमध्ये एकदा मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं, 'आयेर तेनीआ के इर आ नागपूर', मला म्हणायचं होतं काल नागपूरला जावं लागलं, आणि मॅडमनी शांतपणे विचारलं, 'इ फुइस्ते?' म्हणजे मग गेलीस का? मला कळेचना की ह्या असं का विचारतायत. इंग्रजीत दोन्हीला 'हॅड टू'च, फरक दिसतच नाही. आपल्याकडे मात्र स्वच्छ दिसतो, जायचं होतं म्हणजे तेनीआ के इर, गेले की नाही ते अजून सांगितलेलंच नाही, आणि जावं लागलं म्हणजे तुवे के इर, गेलेच. त्या दिवसापासून मी वाक्य आधी मराठीत म्हणून बघते आणि मगच पान निवडते.

तशी दहा-बारा वाक्यं स्वतःच्या आयुष्यातली लिहून काढा. मुलगी झाली, तुवे ऊना इखा. मला दोन मांजरं होती, तेनीआ दोस गातोस. वीस वर्षांची होते, तेनीआ वेइन्ते आन्योस, अमुक वर्षांची असताना काय काय झालं हे सांगताना वय असंच इम्पेर्फेक्तोत ठेवा. एका ठिकाणी मात्र मराठी फसवते, ते वाक्य लाल पेनाने लिहा: तीन दिवस ताप होता. 'होता' बघून हात उजव्या पानाकडे जातो, पण तीन दिवस म्हटलं की मुदत संपली, म्हणून तुवे फिएब्रे त्रेस दीआस.

लिंगाचं टेन्शन घेऊ नका, गेलो-गेले असलं काही नाही, बाईपण तुवे आणि पुरुषपण तुवे. आणि मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, असं वस्तूप्रमाणे क्रियापद बदलायची आपली सवय तिथे पूर्ण सोडायची, क्रियापद फक्त करणाऱ्याकडे बघतं.

कोणत्या देशाचं स्पॅनिश शिकताय हेही आधी ठरवा. लॅटिन अमेरिकेचं असेल तर तुविस्तेइस बोलण्यात लागणारच नाही, तुम्ही सगळे म्हणजे उस्तेदेस तुविएरोन. स्पेनमध्ये बऱ्याच भागात आजच्याच दिवसातली गोष्ट सांगताना ए तेनीदो असं तेनेरचं आणखी एक भूतकाळाचं रूप म्हणतात, मेक्सिकोत त्याच जागी तुवे चालतं. दोन्ही बरोबर, फक्त एकाच उत्तरात खिचडी करू नका.

वेळ उरला तर एस्तार (असणं) चं एस्तुवे आणि आन्दार (चालणं) चं आन्दुवे त्याच डाव्या पानाखाली लिहा, शेपट्या त्याच आहेत. ओब्तेनेर (मिळवणं), मान्तेनेर (टिकवून ठेवणं) तर फुकटात मिळतात, ओब्तुवे, मान्तुवे.

आदल्या रात्री नवीन काही उघडू नका. ती दहा-बारा वाक्यं मोबाईलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा, आधी मराठी, मग चार सेकंद गप्प, मग स्पॅनिश, आणि सकाळी जाताना ऐका, त्या चार सेकंदांत उत्तर तोंडून मोठ्याने आलं पाहिजे, मनातल्या मनात म्हटलेलं धरायचं नाही.